हद्दीबाहेरचं नाव

माझ्या बाबांचा कागदांवर फार जीव. गावी आमच्या लोकांच्या नावावर कधी काही नव्हतं. म्हणून अंबरनाथला मोरिवलीच्या कारखान्यात कायम झाल्यावर त्यांनी घरातल्या सगळ्यांचे दाखले पत्र्याच्या पेटीत जमवले. प्रत्येकाच्या झेरॉक्स, हेडमास्तरांच्या सहीशिक्क्यासकट. कोणी एक प्रत मागितली की बाबा दोन द्यायचे. भाजीवाल्याने मागितला तरी हे दाखला काढून देतील, असं आई चिडवायची.

दादा त्याच कारखान्यात फिटर होता. नव्वदचं दशक संपता संपता कारखाना बंद पडला. उल्हासनगरला एका सिंधी सेठने नवीन सायबर कॅफे टाकला होता. तिथे दादाला परदेशातल्या जहाज कंपनीची वेबसाइट सापडली. त्यांनी कागद मागवले. बाबांनी पासपोर्टपासून रेशनकार्डापर्यंत सगळ्याचे दोन-दोन संच पाठवले. तिकीट आलं, दादा गेला. पोचल्याचा एक फोन शेजारच्या दुकानात आला. त्यानंतर काहीच नाही.

अंबरनाथचे पोलीस म्हणाले, कॉम्प्युटर उल्हासनगरचा, तिकडे जा. उल्हासनगरचे म्हणाले, तुम्ही राहता अंबरनाथ पश्चिमेला, तिकडेच जा. मी चिडून भांडायचे, बाबा फाइल छातीशी धरून उभे राहायचे. शेवटी ठाण्याच्या एका इन्स्पेक्टरने आम्हाला बसायला खुर्ची दिली.

"वेबसाइटचं नाव कोणीतरी विकत घेतलेलं असतं," ते म्हणाले. "ज्या कंपनीने विकलं ती अमेरिकेत आहे. घेणाऱ्याचं नाव-पत्ता तिच्याकडे असणार."

सेठने आधीच शोधून पाहिलं होतं. कॉम्प्युटरवर नुसता पोस्टाच्या पेटीचा नंबर दिसायचा.

"मग त्या कंपनीला विचारा ना," मी म्हटलं.

"मॅडम, माझी हद्द जिल्ह्यापुरती. आमचं पत्र मुंबईला जाणार, तिथून दिल्लीला, दिल्लीहून त्यांच्या सरकारला. मग त्यांची मर्जी."

वर्ष उलटलं. वेबसाइट चालूच होती. मी सेठकडे जाऊन ती उघडायचे. वर तेच पांढरं जहाज, खाली 'भरती सुरू आहे'. ज्यांनी दादाला नेलं त्यांचं दुकान अख्ख्या जगाला दिसत होतं, फक्त मालकाचं नाव विचारायची सोय नव्हती. बाबा मात्र म्हणायचे, "तिकडे सगळं कागदावर असतं, बघ." त्या विश्वासाचा मला तिटकारा यायला लागला होता.

मग एके दिवशी इन्स्पेक्टर स्वतः आमच्या खोलीवर आले, सोबत हवालदार. अमेरिकेहून आलेल्या उत्तरातून त्यांनी दादाचं पूर्ण नाव वाचलं, आमची चाळ, खोलीचा नंबर वाचला.

"हेच ना?"

"हो, पण त्याचं काय?" बाबा म्हणाले.

"वेबसाइट याच्या नावावर आहे. दुसरीकडचीही पोरं बेपत्ता आहेत, त्यांच्या तक्रारी आल्यात."

मला काही क्षण समजेना. मग बाबांनी पाठवलेले ते दुसरे संच आठवले.

"त्याचे कागद दाखवून कोणीतरी वेबसाइटचं नाव त्याच्यावर चढवलंय," मी म्हटलं. "आधी कोणाच्या नावावर होतं?"

"असेलही तसं. पण आम्ही आत्ताचा मालक विचारला होता. आधीचा विचारायचा तर पुन्हा दिल्लीपासून सुरुवात. आणि त्यांनी उत्तर दिलंय, आता ते परत कशाला बघतील?" ते वाईट माणूस नव्हते. माझ्याकडे न बघता बोलत होते.

आई दारात उभी राहून ऐकत होती. "म्हणजे तिकडे त्याचं नाव आहे," ती म्हणाली. किती दिवसांनी तिचा चेहरा उजळला होता. "साहेब, कधी लिहिलंय त्याने?"

साहेबांनी दादाच्या पासपोर्टची झेरॉक्स मागितली, त्याच्याविरुद्धच्या केसमध्ये लावायला. बाबांनी पेटी उघडली. आपला मुलगा सरळ आहे हे कागद बघून कळेल, असं त्यांना अजूनही वाटत होतं. त्यांनी दोन प्रती काढून दिल्या.