अर्ध्या बुटाचा कॉम्प्युटर

पाटीवाल्यांचा कॉम्प्युटर सकाळी सुरू व्हायला इतका वेळ घ्यायचा, की तेवढ्यात त्यांचा चहा उकळून, गाळून, पिऊन व्हायचा. कप विसळून पालथा घातला तरी पडद्यावर ते पांढरं चक्र आपलं गरगरतच असायचं. समोर गिऱ्हाईक बसलेलं असलं की पाटीवाले ओशाळून म्हणायचे, "उठतोय, उठतोय." जणू आतल्या खोलीत कुणी आळशी पाहुणा झोपलाय आणि त्याला उठवायची यांची हिंमत नाही.

माणूस मूळचा ब्रशचा. दुकानांच्या पाट्या हाताने रंगवण्यात अर्धं आयुष्य गेलं. कुठेही गेले तरी यांची नजर आधी अक्षरांवर. हॉटेलात बसले की पदार्थ राहिले बाजूला, मेनूकार्डावर कुठल्या दोन अक्षरांमध्ये जागा जास्त सुटलीय ते बायकोला दाखवत बसायचे, आणि तिला भूक लागलेली असायची. ज्या पेंटरकडे ते शिकले त्याने पहिल्या दिवशीच एक नियम कानात घातला होता: पाटी ज्याने चढवली त्यानेच उतरवायची. दुसऱ्याने हात लावायचा झाला तर आधी त्याला विचारायचं. कारण साधं होतं. पाटीच्या मागे कुठला बोल्ट कच्च्या भिंतीत गेलाय, वायर कुठून फिरवलीय, हे चढवणाऱ्यालाच ठाऊक. परक्याने उतरवायला जावं, तर पाटी खाली आणि माणूस पाटीखाली. पाटीवाल्यांनी हा नियम आयुष्यभर पाळला आणि एकदाच मोडला. ते एकदाच त्यांना चांगलंच महागात पडलं.

त्यांना एक भाऊ. वयात इतकं अंतर, की लोक त्याला त्यांचा मुलगाच समजायचे. शिडी कशी धरायची, हात न टेकता रेघ कशी ओढायची, सगळं पाटीवाल्यांनी त्याला शिकवलं. पुढे ब्रशची कामं आटली आणि चिकटपट्टीच्या कागदातून अक्षरं कापणारी मशीन आली, तेव्हा शिकवण्याची पाळी धाकट्याची आली. पाटीवाले माऊस हातात धरायचे तोच मुळी ब्रशसारखा, उचलून. धाकटा हसून लोटपोट व्हायचा.

कॉम्प्युटर दोघांनी मिळून घरीच जुळवला. एकेक भाग निवडून आणला, आणि पेटीसाठी पैसे कशाला घालवायचे म्हणून दुकानातल्या रद्द पाट्यांचा पत्रा कापून ती स्वतः बनवली. एका बाजूला चपलांच्या दुकानाची पाटी होती, तिच्यावरचा बूट नेमका मधोमध कापला गेला. म्हणून घरात त्याचं नाव पडलं अर्धा बूट. धाकट्याने स्वतःसाठी दुसरा कॉम्प्युटर घेतला आणि दोन्ही इंटरनेटच्या डब्याला वायरी लावून एकमेकांना जोडले. त्याने काढलेली अक्षरं दादाच्या मशीनवर आपोआप दिसावीत, दादाची मापं त्याला. अर्ध्या बुटावरची जोडणी धाकट्याने केली. त्याच्या कॉम्प्युटरवरची मात्र त्याने मुद्दाम दादाकडून करून घेतली, शिकवणी म्हणून. घामाघूम होऊन का होईना, पाटीवाल्यांनी केली, आणि पहिल्यांदा पाटी रंगवल्यावर झाला होता तेवढा आनंद त्यांना त्या दिवशी झाला.

मग ते औषधांच्या दुकानाचं प्रकरण घडलं. धाकट्याने तिथे दिव्यांची मोठी पाटी एकट्याने चढवली. पाटीवाले रस्त्याने जाताना थांबले, डोळे बारीक केले, आणि त्यांना पाटी सूतभर कललेली वाटली. धाकटा कामासाठी बाहेर गेलेला. फोन करून विचारायला काय लागत होतं? पण नाही. हे शिडी घेऊन वर चढले, पाटी उतरवली, पाणसळ लावून बुडबुडा अगदी मधोमध आणला आणि पुन्हा बसवली. वर औषधवाल्याला म्हणाले, "लहान आहे अजून. शिकेल हळूहळू."

खाली उतरून रस्ता ओलांडला आणि मागे वळून बघितलं, तर पाटी आता वाकडी दिसत होती. इमारतीचा सज्जाच मुळी तिरका होता. धाकट्याने ते ओळखून डोळ्याला सरळ दिसेल अशी पाटी बसवली होती. हेही त्याला शिकवलं होतं ते यांनीच. चूक कळली होती, कबूल मात्र केली नाही. धाकट्याला सगळं औषधवाल्याकडूनच कळलं, ते 'लहान आहे' सुद्धा. तो भांडला नाही. आपला कॉम्प्युटर काढला, शहराच्या दुसऱ्या टोकाला खोली घेतली आणि स्वतःचं काम सुरू केलं. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद. पाटीवाले औषधवाल्याच्या रस्त्याने जायचे नाहीत. लांबचा वळसा घ्यायचे आणि बायकोला सांगायचे की पायांना व्यायाम होतो.

कॉम्प्युटर रेंगाळायला लागला तो त्याच सुमारास. पण हे दोन्ही एकमेकांशी लावून बघायचं त्यांच्या डोक्यातही आलं नाही. बायको म्हणाली, भावजींना एक फोन करा, ते चुटकीसरशी सांगतील. झालं, पाटीवाल्यांचं तोंड फुगलं. मशीनसाठी मी त्याच्या पाया पडू काय, म्हणाले. हा कॉम्प्युटर एक तर माझा मी दुरुस्त करीन, नाहीतर भंगारात घालीन. अर्धा बूट भंगारात गेला तर दोघा भावांमधलं उरलंसुरलंही त्याच्याबरोबर जाईल, हे बायकोला दिसत होतं. खरं सांगायचं तर त्यांनाही दिसत होतं. पण आता बोलून बसले होते.

सुट्टीच्या दिवशी सकाळीच त्यांनी पत्रा उघडला. आत धुळीची गादी साचलेली. रंगाच्या मऊ ब्रशने त्यांनी पंख्यांची पाती साफ केली, मेमरीच्या पट्ट्या काढून त्यांच्या पिवळ्या कडा खोडरबराने घासल्या आणि पुन्हा खटकन बसवल्या. सुरू केलं. चक्र गरगरत राहिलं. मग डिस्कची वायर बदलली. मग सुरू होतानाच आपोआप उघडणारे सगळे प्रोग्राम बंद केले, त्यातले अर्धे कशासाठी आहेत हेच त्यांना माहीत नव्हतं. चक्र तसंच. बायकोने जेवायला हाक मारली, ती त्यांना ऐकूच गेली नाही.

दुपारी थकून ते नुसतेच बघत बसले, तेव्हा एक गोष्ट त्यांच्या लक्षात आली. बटण दाबल्याबरोबर पंखे फिरत होते, पासवर्डचा पडदा झटक्यात येत होता. म्हणजे यंत्राची तब्येत ठणठणीत. पासवर्ड टाकला की मगच ते चक्र. पाटीवाले स्वतःशीच म्हणाले, हा आजारी नाही, हा कुणाची तरी वाट बघतोय.

कुणाची, ते शोधायला त्यांनी आपल्या धंद्यातलीच रीत लावली. दिव्यांची पाटी पेटली नाही की एकेक तुकडा बाजूला काढत जायचं, ज्याच्याशिवाय ती पेटेल तो दोषी. त्यांनी प्रिंटर काढला, सुरू केलं. अक्षरं कापायची मशीन काढली, सुरू केलं. शेवटी मागची नेटवर्कची वायर उपटली, पासवर्ड टाकला, आणि सवयीने चहाकडे हात नेला तर पडदा समोर हजर. वायर परत लावली, पुन्हा चक्र. काढली, पुन्हा हजर. पाटीवाल्यांनी बायकोला हाक मारून ते दोनदा करून दाखवलं. तिने कमरेला पदर खोचत विचारलं, मग आता तो वायरीतून शोधतोय कुणाला?

ते शोधणं सोपं होतं. डिस्कची यादी उघडली, तर सगळ्यात खाली एक खूण होती, तिच्यावर लाल फुली आणि पुढे नाव 'धाकटा'. भावाने जोडून दिलेला तो फोल्डर. भाऊ गेला, त्याचा कॉम्प्युटर गेला, पण अर्ध्या बुटाला हे कुणी सांगितलंच नव्हतं. तो रोज सकाळी उठून धाकट्याला हाका मारायचा, उत्तराची वाट बघायचा, आणि कंटाळला की मगच पुढच्या कामाला लागायचा.

पाटीवाल्यांनी त्या नावावर बटण दाबलं. पर्याय आला, जोडणी तोडायची का. एवढंच करायचं होतं. कुणाला न विचारता दुरुस्ती झाली असती, शब्दही राहिला असता. बायको मागे उभी राहून बघत होती.

त्यांनी माऊसवरून हात काढून घेतला. ही जोडणी धाकट्याने चढवली होती. नियम एकदा मोडून बघितला होता, तेवढा पुरे होता. त्यांनी फोन उचलला आणि धीर सुटायच्या आत नंबर लावला.

पलीकडून "हॅलो" आलं. पाटीवाल्यांनी एका दमात सांगून टाकलं: अर्ध्या बुटाला सुरू व्हायला फार वेळ लागतो, कारण सापडलंय, तुझा फोल्डर अजून जोडलेला आहे आणि तो तुला शोधत बसतो.

"तो काढू का, ते विचारायला फोन केला," ते म्हणाले. "तू चढवलेलं आहे. आणि औषधवाल्याची पाटी... तेव्हाही विचारायला हवं होतं मी. पाटी तुझीच बरोबर होती. मी खाली उतरल्यावर बघितलं होतं."

पलीकडे धाकट्याने खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"माझापण तेवढाच वेळ घेतो, दादा," तो म्हणाला.

"काय?"

"माझा कॉम्प्युटर. रोज सकाळी तुझं मशीन शोधत बसतो."

"मग काढलं का नाहीस? तुला तर दोन मिनिटांचं काम आहे ते."

"इकडचं तू जोडलं होतंस."

पाटीवाल्यांचे डोळे भरून आले आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता, एका हातात फोन, दुसऱ्याने उगाचच पेटीवरचा बूट धरून ठेवलेला. मग ते म्हणाले, दोन्ही राहू देत जोडलेली. उद्या सकाळी औषधवाल्याकडे ये. ती पाटी चढवलीय मी, तेव्हा उतरवीनही मीच. बसवायची तू.

"येतो," धाकटा म्हणाला. "पण पाणसळ आणू नकोस."