बासष्ट रिकामी घरं

ताईची आणि डबल बेसची पहिली भेट झाली, तेव्हा इमारतीचा जिना कोसळायचाच काय तो बाकी राहिला होता. डबल बेस म्हणजे व्हायोलिनचा माणसापेक्षा उंच थोरला भाऊ. तो काळ्या कापडात गुंडाळून तिचा धाकटा भाऊ तीन मजले चढत होता. पहिल्या मजल्यावर दोन कुंड्या शहीद झाल्या. दुसऱ्यावर एक म्हातारे गृहस्थ अर्धा तास भिंतीला पोस्टरासारखे चिकटून राहिले. तिसऱ्यावर ताईने दार उघडलं आणि किंकाळी फोडली. आपल्या भावाने कुणा लठ्ठ बाईला बेशुद्ध करून पळवून आणलंय, अशी तिची खात्रीच पटली होती.

"मला भावजय हवी होती," सावरल्यावर ती म्हणाली, "पण आपल्या पायांनी चालत येणारी!"

तशी काही कुणी आली नाही. सव्वीस वर्षं त्या घरात तिघंच राहिली: ताई, तो आणि बेस.

तो कवळ्या करायचा. शहरातली निम्मीअधिक हसणारी तोंडं त्याच्या हातची. लग्नाच्या फोटोत तो माणसांआधी दात ओळखायचा. मंगळवारी आणि शुक्रवारी शाळेच्या व्यायामशाळेत हौशी वाद्यवृंद जमे. भूगोलाचे निवृत्त सर छडी हातात धरून, नकाशातली नदी दाखवावी तशी व्हायोलिनं दाखवत. बेसची जागा सगळ्यांच्या मागे, बास्केटबॉलच्या जाळीखाली. गोड सूर बाकीच्यांनी खायचे आणि बेसने ताट धरायचं, अशी एकूण वाटणी होती.

या वर्षी मात्र सरांनी शेवटच्या रचनेत बेसला एकट्याला आठ घरं दिली. स्वरांच्या कागदावर उभ्या रेघांनी चार-चार मात्रांचे कप्पे पाडलेले असतात, त्यांना ही मंडळी घरं म्हणत. आठ घरं, आणि तेवढा वेळ बाकी सगळे चिडीचूप! घरी येऊन त्याने अंगातला कोटही न काढता ताईला सांगितलं. त्याच आठवड्यात डॉक्टरांनी ताईचं हृदय थकल्याचं सांगितलं. जिना बंद. किती दिवस, असं त्याने विचारलं, तेव्हा डॉक्टर खिडकीबाहेर बघत राहिले.

कार्यक्रमाच्या आदल्या रविवारी तो दरवर्षी ताईला सगळा कार्यक्रम आधी घरी वाजवून दाखवी आणि मग शनिवारी ती तिसऱ्या रांगेत बसून पुन्हा ऐके. यंदा तिच्यासाठी रविवार हाच शनिवार होता.

दुपारी त्याने इस्त्रीचा काळा कोट चढवला आणि बेस पलंगाच्या पायथ्याशी उभा केला. पहिल्या तीन रचना ढुम्-ढुम् करत पार पडल्या. नाकात ऑक्सिजनची नळी लावलेली ताई दर वेळी दोन बोटांनी टाळ्या वाजवत होती.

"आता चौथी," म्हणून त्याने तारांवर फिरवायचा गज खाली केला आणि नुसता उभा राहिला.

"अरे, वाजव की!"

"आधी माझी बासष्ट घरं रिकामी आहेत, तेव्हा बासरी वाजते. एक-दोन-तीन-चार, दोन-दोन-तीन-चार..."

"मग थेट तुझं वाजव. मला त्या बासरीवाल्याशी काय करायचंय?"

"असं नाही चालत, ताई. एवढं गप्प राहिल्याशिवाय ते आठ कळायचेच नाहीत. पाच-दोन-तीन-चार."

"लहानपणी तुला गप्प बसवायला चिमटे काढावे लागायचे. आता बघा!"

"तूही मोज."

ती पांघरुणावर बोटाने मोजू लागली. चौतिसाव्या घराला बोट थांबलं. डोळे मिटले होते. त्याने ते पाहिलं. उरलेली घरं ओलांडून जाणं सोपं होतं, तिला हाक मारणं त्याहून सोपं. पण केसभर वाकडा दात पुन्हा काढून बसवणारा माणूस तो. मोजत राहिला. त्रेसष्टाव्याला त्याने गज टेकवला आणि सभागृहात वाजवावीत तशी, काचा गुंजतील अशी आठ घरं वाजवली.

ताईने डोळे उघडले.

"झालं?"

"झालं."

"फार गोड वाजवलंस." तिने पांघरूण सारखं केलं. खोटं बोलताना तिला असलंच काहीतरी काम सुचायचं.

"झोपली होतीस तू."

"असलं संगीत डोळे मिटूनच ऐकतात, अडाण्या!"

"उद्या पुन्हा वाजवतो. रिकामी घरं गाळून."

"गाळू नकोस," ती म्हणाली. "सरांना कळलं तर छडी खाशील."

सोमवारी पहाटे तिला धाप लागली आणि रुग्णालयात न्यावं लागलं. दुपारी तो बेस घेऊन तिथे पोचला. दारावरच्या रखवालदाराने त्या काळ्या कापडाकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"हे आत नाही जाणार, साहेब."

"आठच घरं आहेत हो. मिनिटभरही लागणार नाही."

रखवालदाराला त्यातलं काही कळलं नाही. बेस त्याच्या खुर्चीमागे ठेवून तो एकटाच वर गेला. गळ्यात सूर कधीच नव्हता, म्हणून नुसता बसून राहिला.

ताई बुधवारी गेली. शनिवारी कार्यक्रम झाला. त्याने आठही घरं बरोबर वाजवली. दीडशे खुर्च्या मांडल्या होत्या. नव्वदेक माणसं आली होती. बाकीच्या रिकाम्याच राहिल्या, तिसऱ्या रांगेतलीही एक.