डोंगेवाल्याचं वल्हं

“भोपळा बांध, नाई त उतर.”

हे वाक्य कानावर पडायच्या आधीच थप्पड बसलेली असायची. आमच्या गावालगत नवीन धरण झालं, तेव्हा तो कुठूनसा एक डोंगा घेऊन आला आणि काठावरच राहिला. एवढं पाणी आमच्यापैकी कुणी जन्मात पाहिलं नव्हतं. मेहकरकडची हौशी मंडळी रविवारी डोंग्यात बसायला यायची. बुडू नये म्हणून तो प्रत्येकाच्या पाठीला दोन वाळके भोपळे बांधायचा. लोक हसायचे. जो हसला त्याला थप्पड मिळाली.

तुम्ही म्हणाल, काय हा माणूस! मलाही तसंच वाटायचं. मास्तरांच्या कानाखाली त्यानं काढली होती. दारू पिऊन आलेल्या एका ठेकेदाराला उचलून चिखलात फेकलं होतं. डोंग्यात कुणी उभं राहिलं की त्याच्या पोटरीवर वल्हं बसलंच म्हणून समजा. एकदा मी धीर करून विचारलं, “काका, काऊन मारता हो लोकायले?”

“समजावून सांगतलं त हासतात व माय. मारलं की बांधतात.” एवढं बोलून त्यानं माझ्या पाठीवरची दोरी अशी आवळली की मी कळवळले.

मग माझं लग्न झालं आणि पहिला धोंड्याचा महिना आला. बीबीहून, माझ्या सासरहून, आमचे हे आले. अनारसे झाले, धोंडे झाले, चांदीची वाटी झाली. त्या महिन्यात जावई म्हणजे नारायण, त्याच्यापुढे कुणी ब्र काढायचा नाही. दादा हौसेनं आम्हाला पाण्यावर घेऊन गेला. आई आणि चुलतभाऊही काठावर आले. मी मुकाट्यानं भोपळे बांधून घेतले. हे नवं धोतर सावरत म्हणाले, “मी नाही बांधत. चार लोकांत शोभते का?”

डोंगेवाल्याचा हात वर गेला. दादानं तो वरच्यावर धरला. “जावई हायेत ते. हात लावशील त तोडून टाकीन.”

त्यानं हात खाली घेतला आणि वल्हं उचललं. तेवढं एकदाच त्यानं कुणाचं ऐकलं.

दादा काठावरच थांबला, डोंग्यात आम्ही दोघंच बसलो. मधोमध गेल्यावर डोंगा जरा कलला. बैलगाडी कलली की आपण काय करतो? उडी टाकतो. ह्यांनी तेच केलं आणि डोंगा पालथा झाला. पाय टेकेना तसे हे माझ्या अंगावर चढले. गुडघे माझ्या खांद्यावर, माझे केस ह्यांच्या मुठीत. दोन भोपळे दोघांना कुठले पुरणार? नाकातोंडात पाणी गेलं, छातीत आग पेटली. मी मरत होते, आणि माझ्याच नवऱ्याच्या हातून मरत होते.

तेवढ्यात वल्हं आलं. पहिला फटका ह्यांच्या तोंडावर, दुसरा मनगटावर. दात तुटल्याचा आवाज मी ऐकला. पाणी लाल झालं आणि केस सुटले. त्यानं मला पालथ्या डोंग्यावर टाकलं, ह्यांना मानगूट धरून ओढलं आणि डोंगा ढकलत काठाला आणला.

काठावरच्यांनी एवढंच पाहिलं होतं की त्यानं जावयाला मारलं. दादानं तेच वल्हं हिसकून घेतलं. चुलतभाऊ धावले. डोक्यावर, पाठीवर, जिथे बसेल तिथे मारलं. एकानं कुऱ्हाडीनं डोंगा फोडला. मी पाणी ओकत पडले होते, तोंडातून शब्द फुटत नव्हता. तो रक्तानं माखला होता, पण हात आडवा करत नव्हता. एकच विचारत होता, “पोरगी शास घेऊन राह्यली का?”

“घेऊन राह्यली,” आई म्हणाली.

“मंग मारा.”

दुसऱ्या दिवशी तो गावात नव्हता. सोनाळ्याकडे गेला असं कुणी म्हणे. मी पुष्कळ रडले. अजूनही आठवलं की रडू येतं.

पुढचा धोंड्याचा महिना आला. दादा म्हणाला, “जावईबापू, पाण्यावर जाता का? नवा डोंगेवाला हाय. लय गरीब माणूस, कोणाले मारत नाही.”

पुढचे दात गेल्यापासून हे तोंडावर हात धरून बोलतात. तसाच हात धरून म्हणाले, “मंग नको. जो मारत नाही, त्याच्या डोंग्यात मी नाही बसत.”