बघितल्याशिवाय नाही

फोन वनिताचा होता, अण्णाकडे नेमबाजी शिकून आता त्याच्याच जोडीनं शिकवणाऱ्या मुलीचा. "मॅडम, सर अजून रेंजवर आले नाहीत, आणि घराचं दारही उघडत नाहीत," एवढंच ती म्हणाली. मी नरपडहून आणलेले बोंबील साफ करत बसले होते. हात धुतले की तशीच रिक्षात बसले, आता आठवत नाही. आशागडला पोचले तोवर शेजाऱ्यांनी दार उघडलं होतं. अण्णा, माझा थोरला भाऊ, खुर्चीत बसलेला होता. पायांत बूट, नाड्या घट्ट बांधलेल्या. वेळेच्या आधी तयार होऊन बसायची त्याची जुनी खोड. बसल्याबसल्याच गेला, असं डॉक्टर म्हणाले... महिना होऊन गेला, पण ते बूट काही डोळ्यांपुढून जात नाहीत.

आमचे वडील रेल्वेत, त्यामुळे आमचं लहानपण वाणगावच्या क्वार्टरमध्ये गेलं. जत्रेत फुगे फोडायची बंदूक दिसली की अण्णाचा पाय तिथून हलायचा नाही. वडिलांकडून मिळालेले सगळे पैसे तो तिथेच घालवायचा आणि एकही फुगा फुटायचा नाही. मी त्याला घरापर्यंत चिडवत आणायची. पुढे तो पोलिसात गेला, शस्त्रप्रशिक्षकाचा कोर्स करून आला आणि भरती झालेल्या पोरांना बंदूक शिकवू लागला. तेव्हा एकदा मला म्हणाला, "जत्रेतली बंदूक वाकडी असते गं शकू, पण मीही वाकडाच उभा राहायचो. उभं कसं राहायचं, श्वास कधी धरायचा, हे कोणी शिकवल्याशिवाय येत नाही. उगाच आपलं लोक म्हणतात, नेम उपजत असतो." हे बोलताना त्याची मान अशी ताठ झाली की मला हसू आवरेना.

निवृत्तीनंतर त्यानं आशागडला एका वाडीतली चिकू भरायची रिकामी शेड भाड्यानं घेतली आणि तिथे छऱ्याच्या रायफलींचा वर्ग काढला. वहिनी तेव्हा नुकती गेली होती. घर खायला उठायचं त्याला, आणि ही शेडच मग त्याचं घर झाली. डहाणूची शाळेची मुलं यायची, तलासरीहून पोलीस भरतीची तयारी करणारी यायची, वाडीवाले आपली परवान्याची बंदूक नीट हाताळायला शिकायला यायचे. पहिला महिनाभर मात्र अण्णा कोणाला छर्रा भरू द्यायचा नाही. पालक कुरकुरायचे, मुलं कंटाळायची. नेम सगळ्यात शेवटी, हा त्याचा हेका. आधी नळीचं तोंड कायम भिंतीकडे, आधी बोट चापाच्या बाहेर. आणि त्याचा लाडका नियम असा, की बंदूक टेबलावर ठेवण्याआधी ती उघडायची, शेजारच्याला दाखवायची, त्यानं आत डोकावून 'बघितली' म्हणायचं, मगच ती खाली ठेवायची. मी चहाचा थर्मास घेऊन गेले की मलाही आत बघायला सांगायचा. मी म्हणायची, जन्मभर मी वह्या तपासल्या, बंदुका तूच तपास. त्यावर तो नुसता हसायचा.

आणि मग ती दिनूभाईंची दुपार आली. दिनूभाई शेजारच्या वाडीचे मालक, अण्णाचे चहाचे सोबती. निवडणूक संपली की पोलीस ठाण्यात जमा केलेल्या बंदुका लोकांना परत मिळतात. तशी त्यांची बारा बोअर परत मिळाली होती आणि ती साफ कशी करायची हे विचारायला ते घेऊन आले होते. "खाली छे, अण्णा. परवाच ठाण्यातून आणली ने," बंदूक रिकामी आहे असं ते आपल्या गुजराती वळणानं म्हणाले. ठाण्यातून आलेली बंदूक रिकामीच असणार, हे आमच्याकडे सगळेच धरून चालतात. अण्णा कसल्याशा गप्पांत रंगलेला. त्यानं एका हातात कप, दुसऱ्या हातात बंदूक घेतली, तोंड सवयीनं भिंतीकडे धरलं, पण ती न उघडताच टेबलावर ठेवायला वळला. मी तिथेच बसले होते, पण मला काही खटकलं नाही. खटकलं ते वनिताला. तलासरीची ही मुलगी तेव्हा भरतीची तयारी करत होती. ती हळूच म्हणाली, "सर, मी बघितली नाही अजून."

अण्णानं कप ठेवला आणि बंदूक उघडली. नळीत लाल काडतूस होतं. रानडुकरं हुसकायला दिनूभाईंच्या पुतण्यानं आदल्या रात्री भरून ठेवलं होतं आणि सांगायचं विसरला होता. अण्णा काडतूस हातात घेऊन उभाच राहिला. कोणालाच काही झालं नव्हतं, पण माझ्या भावाचा चेहरा तसा मी वहिनीच्या वेळी सोडला तर कधी पाहिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी शेडला कुलूप. मी त्याच्या घरी गेले, भांडले. वय झालं की होतं असं, म्हणाले. तेच त्याला झोंबलं. "वय नाही गं. मी माणसाच्या शब्दावर विसंबलो. उद्या एखादं पोर माझ्याकडे बघून हेच शिकेल. मी शिकवायचं नाही आता." त्याच्याकडे त्या शेडशिवाय दुसरं होतं काय... मला भीती वाटत होती की हा असाच खुर्चीत बसून झिजत जाईल. वनिता मात्र रोज सकाळी तलासरीहून यायची, बंद शेडच्या ओट्यावर बसायची आणि परत जायची.

शेवटी काय झालं, तर अण्णा पुण्याला गेला. बंदूक शिकवणाऱ्यांसाठीच असलेल्या कोर्सला, पुन्हा विद्यार्थी म्हणून! नातवाच्या वयाच्या पोरांबरोबर पहिल्या बाकावर बसला, मेसमधलं जेवला, फोनवर वरणाच्या तक्रारी केल्या. त्याला शिकवणारा कधीकाळी त्याच्याच हाताखाली शिकलेला निघाला, आणि त्यानं अण्णाला दोनदा उभं राहून नियम म्हणायला लावले. हे सांगताना अण्णा खूश होता. "शिकलेलं सांडतं गं, भरत राहावं लागतं," म्हणाला. परत आल्यावर त्यानं शेड उघडली आणि सगळ्या मुलांना बोलावून झालेला प्रकार स्वतःच्या तोंडानं सांगितला. पुढे प्रत्येक नव्या तुकडीला पहिल्या दिवशी तो हेच सांगायचा. वनिता पोलिसात नोकरीला लागली, तिथूनच शस्त्रप्रशिक्षकाचा कोर्स करून आली आणि सुट्टीच्या दिवशी त्याच्या जोडीनं शिकवू लागली.

अण्णा गेल्यानंतर परवा मी पहिल्यांदा शेडमध्ये गेले. रायफली पुसून कपाटात बंद करायच्या होत्या, वनिता एकटीच होती. थर्मास मी सवयीनं नेला होता. तिनं पहिली रायफल पुसली, तोंड भिंतीकडे धरून उघडली आणि अण्णाच्या स्टुलाकडे वळली. तिथे त्याचा नॅपकिन तसाच घडी करून ठेवलेला होता... ती तशीच उभी राहिली, रायफल काही खाली ठेवीना. मी म्हटलं, अगं तूच आत्ता पुसलीस, ठेव की. तिनं मान हलवली.

"कोणीतरी बघायला लागतं, मॅडम."

मी उठले. पर्समधून चष्मा काढून लावला, तिच्या शेजारी जाऊन उभी राहिले आणि वाकून आत डोकावले. डोळ्यांत पाणी आलं होतं, नीट दिसेना. चष्मा पुसला आणि पुन्हा वाकले.

"बघितली," मी म्हटलं. मग तिनं रायफल खाली ठेवली आणि दुसरी उचलली.