एका वेळी एकच केस

"केस दाखल झाली," असं म्हणून खालच्या बाई नावाची चिठ्ठी टीव्हीखाली सरकवायच्या आणि रिमोटला नमस्कार करायच्या. तुम्ही हसाल. मीही हसायचो. तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवल्यामुळे जरा जास्तच.

कसबा पेठेतल्या आमच्या इमारतीत त्या खालच्या मजल्यावर राहायच्या, खडकीच्या कारखान्यातून निवृत्त झालेल्या. निम्मी पेठ त्यांच्याकडे दृष्ट काढून घ्यायला यायची. मीठ-मोहऱ्या नेहमीच्याच, मंत्र मात्र साडेआठच्या पोलीस मालिकेचं शीर्षकगीत. ते संपायच्या आत ओवाळून व्हायचं आणि पुढचं काम मालिकेतल्या इन्स्पेक्टरकडे जायचं. त्याचा फोटो गणपतीशेजारी होता, गणपतीपेक्षा मोठा.

"देवांनी राजीनामा दिला का?" मी एकदा विचारलं.

"देवांकडे गर्दी फार, सर. हा एका वेळी एकच केस घेतो, पण अर्धवट सोडत नाही."

"आणि जाहिराती लागल्या की?"

"तेव्हा तपास चालू असतो."



निकाल लागला की त्या चिठ्ठीवरचं नाव खोडायच्या, मगच पुढचं घ्यायच्या. कोणाच्या सुनेची नोकरी असो, कोणाची हरवलेली मांजर असो, मध्ये घुसायचं नाही. वशिला न चालणारं पेठेतलं ते बहुधा एकमेव ऑफिस.

मग माझ्या घशात गाठ निघाली. रिपोर्टला आठ दिवस होते. बायकोनं कुठंतरी बोलून टाकलं असणार, कारण संध्याकाळी त्या जिन्यात दोनदा थांबत, दम खात वर आल्या.

"मी असलं काही मानत नाही," मी म्हणालो.

"तुम्हाला कोण विचारतंय? मोबाइलवर गाणं लावा."

मी गाणं लावलं आणि ओवाळून घेतलं. घाबरलो होतो, दुसरं काय.

रिपोर्टच्या आदल्या दिवशी त्या गेल्या. हृदय. डॉक्टरांनी लगेच अ‍ॅडमिट व्हायला सांगितलं होतं आणि या म्हणाल्या होत्या, पुढच्या आठवड्यात बघू. मला त्यांचा भयंकर राग आला.

माझा रिपोर्ट चांगला निघाला. सांगायला खाली गेलो, तेव्हा त्यांच्या मुलीनं टीव्हीखालची चिठ्ठी हातात ठेवली. "१. वरचे सर, घसा. २. त्यांचं झालं की मी, छाती."

मी मानत नाही. आजही नाही. खिशातलं पेन काढून मी पहिली ओळ नीट खोडली आणि चिठ्ठी पुन्हा टीव्हीखाली सरकवली.