आता कोण बोलून राह्यलं?

दारव्ह्याच्या समुपदेशक बाई मला 'तुम्ही' म्हणायच्या आणि माझ्या रागाला 'तू'. एका दमात. "तुम्ही जरा थांबा भाऊ, मले याच्याशी बोलू द्या. काय रे, कायले एवढा तापला?" पन्नाशीच्या माणसाच्या छातीकडे बघून कोणी असं बोललं, की माणूस आधी शर्टाची बटणं नीट लागलीत का ते पाहतो. मीही पाहिली.

त्यांचं म्हणणं, माणूस एकटा नसतोच. आत रागीट, भित्रा, कामसू असे बरेच जण नांदतात. प्रत्येकाचं ऐकून घ्यायचं. मी तोंड उघडलं, की त्या विचारत, "आता कोण बोलून राह्यलं?" हे ऐकून माझी बायको खुर्चीतून उठलीच. आमच्याकडे अंगात आलेल्याला हाच प्रश्न विचारतात. पुढच्या खेपेला ती नारळ-लिंबू घेऊनच आली. "बाई, यांच्यात जे असन ते काढून टाका." बाईंनी त्या लिंबांचं सरबत करून आम्हालाच पाजलं. "वहिनी, काढायचं नाही कोणाले. बसवून बोलायचं."

बायकोनं मला तिथं नेलं ते माझ्या विनोदांपायी. आईच्या तेरवीला वाढता वाढता मी पंगतीला इतकं हसवलं, की आचारीही झारा हातात धरून ऐकत राहिला. रडू मात्र आलंच नाही. पुढं झोप गेली, जेवण गेलं, विनोद तेवढे राहिले. बायको म्हणाली, "तुमचं हसणं ऐकून मले भेव वाटते."

बाईंनी त्या विनोद करणाऱ्यालाच बोलतं केलं. "किती वर्षांचा रे तू, बाबू?"

मी काहीतरी चावट उत्तर देणार होतो. तोंडून निघालं, "नऊ."

नवव्या वर्षी वडील वारले. आई विझल्या चुलीपुढं नुसती बसून राहायची. एकदा मी मास्तरांची नक्कल केली, तशी ती हसली आणि उठून भाकरी थापायला लागली. तेव्हापासून मी ड्युटीवर.

"थकला नाही का?"

"थकलो. पण आता आईच नाही, तं सुट्टी कोणाले मागू?"

बाईंनी खुर्ची जवळ ओढली. "तिनं तुले कामावर कुठी ठेवलं होतं रे? तू तं पोरगा होता तिचा."

तरीही त्या दिवशी मी कोरडाच घरी आलो.

पुढं तब्येत साथ देईना म्हणून बाई दारव्हा सोडून मुलीकडे निघाल्या. निरोपाच्या दिवशी मला माझ्या गावाकडच्या जीपपर्यंत पोचवायला आल्या. मी त्यांच्या बांधाबांधीवर विनोद केले. त्या हसल्या नाहीत, नुसत्या "हं" म्हणाल्या आणि थांबून राहिल्या. मग माझा बांध फुटला.

"बसता का काका? गाडी भरली!" जीपवाला ओरडला.

"थांब ना बाप्पा, रडून राह्यला तो," बाई म्हणाल्या.

जीपमध्ये शेजारच्या म्हातारीनं सरकून जागा दिली. "कोण गेलं, भाऊ?"

"आई."

"कधी?"

"मागच्या वर्षी."

कोणी हसलं नाही. म्हातारीनं पाण्याची बाटली पुढं केली.

बाई पुढच्या उन्हाळ्याअखेर मुलीकडेच वारल्या. मला माझ्या दुकानात कळलं, भर दुपारी. गिऱ्हाईक सोयाबीनचं बियाणं मागत होतं. त्याला म्हटलं, "थोडा थांब, भाऊ." आणि मी दुपारीच रडून घेतलं.