ड्रेसरकाकांनी सोडलेला पुंजका

शेजारच्या ड्रेसरकाकांनी दवाखान्यात चौतीस वर्षं लोकांच्या जखमा धुतल्या. हयगय हा शब्दच या माणसाला ठाऊक नाही. म्हणून त्यांच्या लेकीने नोकरीसाठी दूर जाताना मागे ठेवलेल्या निवडुंगावर कापसासारखे पुंजके दिसले, तेव्हा मी निर्धास्त होते. तो पिठ्या ढेकूण, झाडाचा रस पिणारी कीड. काकांनी इअरबड स्पिरिटमध्ये बुडवून काट्यांच्या मुळाशी एकेक पुंजका टिपला.

महिन्याने गेले, तर एका खाचेत पांढरं होतंच.

"काका, डोळे गेले का तुमचे? हा केवढा ढळढळीत दिसतोय!"

"दिसतोय. राहू दे."

"राहू दे? अख्खं झाड खाऊन ढेकर देईल तो!"

"कीड लागल्यापासून पोरगी रोज फोन करते," काका हळूच म्हणाले. "आधी महिना महिना करायची नाही."

माझं डोकं सणकलं. मी बोलणार, तेवढ्यात तिचाच फोन आला. काकांनी स्पीकर लावला.

"बाबा, गेली का कीड?"

"एक राहिलाय गं."

"अजून? फेकून द्या ते झाड. मी नवीन मागवून देते. चला, ठेवते, मीटिंग आहे."

काकांनी फोन बाजूला ठेवला. मग त्यांनी स्पिरिटची बाटली उघडली, तो पुंजका टिपला आणि भिंग घेऊन प्रत्येक खाच तपासली. झाड स्वच्छ झालं.

मी उठले, तसे ते म्हणाले, "उद्या येऊन बघून जाशील? लपून बसतात गं मेले."